वाडा जपायचा, पण कोणाच्या खर्चानं?

पावसाळा लागला की जुन्या नाशकात एखादा वाडा पडतो आणि आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटतो. निम्मे म्हणतात, पेशवेकालीन ठेवा आहे, हात लावू नका. उरलेले म्हणतात, माणसं ढिगाऱ्याखाली मरण्यापेक्षा पाडा आणि इमारत बांधा. काका-काकू इकडे जर्मनीत आले तेव्हा आम्ही न्यूरेंबर्ग, बाम्बेर्ग, रेगेन्सबुर्ग, ड्रेस्डेन फिरलो, आणि काकांनी निकालच देऊन टाकला: "इथल्या लोकांना किंमत आहे, आपल्यांना नाही."

मला हे मुळीच पटत नाही. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात न्यूरेंबर्गचं जुनं शहर जवळपास नव्वद टक्के बेचिराख झालं. आज दिसतं त्यातलं बरंचसं नंतर, जुन्या गल्ल्यांच्या आखणीवर उभं राहिलंय. ड्रेस्डेनकरांनी तर एल्बे नदीवर नवा पूल हवा म्हणून मतदान केलं आणि त्यापायी २००९ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा घालवला. माणसं सगळीकडे सारखीच. फरक कायद्यात आहे, आणि पैशात.

बाम्बेर्गच्या एका गल्लीत लाकडी सांगाड्याच्या घराचं काम चालू होतं. सुतारानं खांबाचा कुजलेला खालचा हातभर तुकडा कापून तिथं नवं लाकूड खाचेत बसवलं होतं. वरचा जुना खांब तसाच. काका तो जोड हात लावून बघत राहिले. आपला सागवानी खांबही असाच तळाशी, ओल धरते तिथं कुजतो. पण त्यासाठी अख्खा वाडा उतरवला जातो आणि तुळया जुन्या लाकडाच्या बाजारात जातात.

बाम्बेर्ग ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाच्या १९७३ च्या कायद्यानं असं घर मालकाला मनाला येईल तसं पाडता येत नाही. पण त्याला वाऱ्यावरही सोडत नाहीत. स्वतः राहणाऱ्या मालकाला मंजूर दुरुस्तीचा खर्च दरवर्षी ९ टक्के असा १० वर्षं करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो.

आता आपल्या वाड्याचा उतारा काढा. चार भावांची मुलं-नातवंडं, एक पुण्यात, एक माझ्यासारखा परदेशात. भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्यांचे, भाड्यात कौलंसुद्धा चाळून होत नाहीत. खोली सोडली तर हक्क जाईल ही त्यांची भीती रास्तच आहे. मग पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची 'धोकादायक'ची नोटीस येते. दुरुस्ती कोणी आणि कशातून करायची, हा प्रश्न तसाच राहतो.

आणि नाशकात जे आहे ते इकडे नाही. रेगेन्सबुर्ग सुंदर आहे, बाराव्या शतकातला त्याचा दगडी पूल पाहून डोळे निवतात. पण नाशकात रंगपंचमीला तिवंधा चौकातली रहाड, म्हणजे रंगाचा जुना दगडी हौद, उघडल्यावर त्या रंगात उड्या मारणारी पोरं तिथल्याच गल्ल्यांतली असतात. ती उपनगरात गेली तर नुसत्या रंगवलेल्या भिंती ठेवून काय करायचंय?

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट यांवर पैसा ओतला जातोय. त्याच सिंहस्थापायी तोडली जाणारी तपोवनातली झाडं वाचवायला २०२५ मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले, त्याचा मला फार अभिमान वाटला. तसंच वाड्यांसाठीही उतरायला हवं, आणि मागणी नेमकी हवी: सराफ बाजारापासून रामकुंडापर्यंतच्या वाड्यांची यादी, मालकाला दुरुस्तीचं अनुदान आणि घरपट्टीत सूट, भाडेकरूला परत येण्याची लेखी हमी. आमच्यासारख्या लांबच्या वारसांनी मुखत्यारपत्रं करून पाठवावीत; सह्यांअभावी काम अडलं असं कोणाला म्हणता येऊ नये.