कुटारात दाबून संत्रा गोड होत नाही

आंब्या बहाराचा, म्हणजे ऑक्टोबरपासून येणाऱ्या संत्र्याचा तोडा सुरू झाला की विदर्भाच्या संत्रापट्ट्यात, वरूड-मोर्शीपासून काटोल-नरखेडपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरू लागतो. घरच्या बगीच्यातला संत्रा तीन महिने टिकवायचा तर हिरवाच तोडा, मिठाच्या पाण्यात धुवा, कुटारात (भुशात) दाबा म्हणजे आतच गोड होईल, सोबत दोन सफरचंदं ठेवा, फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आणि बाजारातला चकचकीत संत्रा घेऊ नका, त्यावर विषारी मेण असतं. एकेक पाहू.

हिरवा तोडून गोड होतो? नाही. आंबा, केळी, सफरचंदात तोडताना स्टार्च असतो, त्याची पुढे साखर होते. संत्र्यात असा साठाच नसतो. झाडावर असताना जी गोडी भरली, तीच. कुटाराच्या उबेत साल पिवळी पडते आणि आपण फसतो. ठेवल्यावर आंबटपणा जरासा उतरतो हे खरं, पण साखर वाढत नाही. उलटही घडतं: झाडावर साल पिवळी व्हायला थंड रात्री लागतात, त्या ऑक्टोबरात नसतात, म्हणून हिरवट फळ आतून गोड निघू शकतं. रंग पाहू नका, झाडाच्या चारही बाजूंचं एकेक फळ फोडून चाखा.

तीन महिन्यांचं म्हणाल तर, 6 ते 7 अंश तापमान आणि 90 ते 95 टक्के आर्द्रतेच्या शीतगृहातही नागपुरी संत्रा साधारण 45 दिवस धरतो. कुटार त्याच्या दुप्पट काय करणार? हिवाळ्यात हवेशीर, सावलीच्या खोलीत दोन-तीन आठवडे धरा. मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी येणारा माल मार्चच्या उन्हात त्याहून कमी.

टिकण्याचा खरा निकाल लागतो तोड्याच्या वेळी, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. हिरवी-निळी बुरशी धडधाकट सालीतून आत शिरत नाही, तिला जखम लागते. फळ ओढून तोडलं की देठाशी साल फाटते. कात्रीनं कापा, पण देठ फळालगत ठेवा, लांब राहिला तर शेजारच्या फळाला टोचतो. फांदीवरून खाली टाकणं, झाडाखाली ढीग मारणं, पोत्यात कोंबणं हे सगळं बंद. दव वाळल्याशिवाय तर हातच लावू नका. सकाळी साल पाण्यानं टंच असते, दाबली की तेलाच्या ग्रंथी फुटतात आणि त्या तेलानंच सालीवर डाग पडतात. तोड्याला आलेल्या मजुरांना आधी चहा द्या, वाया जात नाही तो वेळ.

मिठाच्या पाण्यानं उलट नुकसानच होतं. एका बादलीत सगळी फळं बुडवली की एका सडक्या फळाची बुरशी सगळ्यांना लागते, आणि ओली साल तिला आवडतेच. धुवायचं ते खाताना. कॅरेटमध्ये दोन-तीन थर ठेवा, रोज नजर टाका. पांढरं-हिरवं दिसलं की ते फळ न झटकता अलगद उचला आणि पुरून टाका. कापून उरलेलं खाऊ नका, मऊ फळात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते.

सफरचंद इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडतं. त्यानं संत्रा टिकत नाही. साल पिवळी होते, देठ वाळतो आणि तिथूनच सड सुरू होते. वेगळं ठेवा.

फ्रीज? खुशाल. भाजीच्या कप्प्यात, भोकं पाडलेल्या पिशवीत. फार थंडीत फार दिवस राहिला तर सालीवर खड्डे पडतात, म्हणून महिनोन्‌महिने नको.

मेणाचं म्हणाल तर मधमाशीचं मेण, कार्नोबा (पामच्या पानांचं) आणि शेलॅक (लाखेचं) ही खाण्यायोग्य मेणं फळांवर लावायला एफएसएसएआयची, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी आहे, मात्र तसं लेबलवर लिहावं लागतं. पॅकहाउसमध्ये फळ धुताना त्याचा नैसर्गिक मेणाचा थर जातो, त्याची ही भरपाई, म्हणजे फळ सुकत नाही. शिवाय संत्र्याची साल आपण सोलून फेकतो. सालीचा मुरंबा घालणाऱ्यांनी घरची फळं वापरावीत, एवढंच.