मोम्बासात पिकअप जुळला म्हणून सातपूरची नोकरी जात नाही

आठवडाभर फिरणारा मेसेज काल मामाने घरच्या ग्रुपवर टाकला: 'भारतीय कंपन्या कारखाने उचलून केनियाला चालल्या. तिथल्यांना धड नट आवळता येत नाही, तरी नोकऱ्या त्यांना. आणि गाड्या तिथे निम्म्या किमतीत!' नाशिकच्या सातपूरला प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रे दाबून गाडीचे भाग बनवतात तिथे, असलेल्या माझ्या मावसभावाने तो वाचून रात्री फोन केला, "ताई, आपलं काय होणार गं?"

मामा, कारखाना कुणी उचललेला नाही. केनियातल्या मोम्बासाच्या असोसिएटेड व्हेइकल असेम्ब्लर्स या कारखान्यात महिंद्राचा पिकअप जुळतो तो सुट्या भागांच्या संचातून, आणि संच जहाजाने भारतातूनच जातो. केनियात तयार मोटार आणली तर पूर्वी 25 टक्के आयात शुल्क होतं, आता त्याहून जास्त आहे. पूर्ण सुटा संच आणला तर ते माफ. हा सगळा धंदा या एका नियमावर उभा आहे. पिकअप तिथे खपला तर इथून भाग जास्त जातील, म्हणजे प्रेसवर काम वाढेल.

'नट आवळता येत नाही' हे मात्र मला फार लागलं. केनियातल्याच थिका गावचा गाड्या जुळवण्याचा कारखाना लेलँड या ब्रिटिश कंपनीने 1974 मध्ये काढला, नैरोबीतला आज इसुझूचा असलेला कारखानाही त्याच दशकातला. पूर्ण सुट्या संचात केबिनचे पत्रे वेगवेगळे येतात; ते वेल्ड करून, रंगवून उभे करावे लागतात. स्प्रिंगचे पाटे आणि बॅटऱ्या केनियातच बनतात. नैरोबीच्या रस्त्यावरची मोठी मटाटू, म्हणजे तिथली खासगी प्रवासी बस बघ: खाली ट्रकची चेसिस, वरचा सांगाडा तिथल्याच वेल्डरने चौकोनी पाइप जोडून उभा केलेला. आपल्या एसटीची बॉडी दापोडीच्या कार्यशाळेत अशीच चेसिसवर बांधली जाते. आणि महिंद्रा स्वतः काय करत होती? 1947 मध्ये मुंबईत विलीज जीपचे परदेशी संच जोडत होती. त्या कामगारांना कुणी अडाणी म्हटलं असतं तर तू ऐकून घेतलं असतंस?

एक मान्य करते, तिथली जुळणी फार मोठी नाही. फोक्सवॅगनने 2016 मध्ये थिकाला पोलो व्हिवो सुरू केली, दक्षिण आफ्रिकेहून संच आणून. खप थोडाच झाला. कारण जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्या कितीतरी स्वस्त पडतात. नवी गाडी तिथे निम्म्या किमतीत मिळत असती तर जुन्या कुणी घेतल्या असत्या का?

भावाला रात्रीच सगळं समजावलं. तो मेसेज ग्रुपवरून काढ, मामा. मावशीने अजून वाचलेला नाही.