बाबागाडी धुण्याचे ते ‘सात उपाय’: एकही जसाच्या तसा करू नका

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला पाच वेळा आला. माहेरच्या ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर, गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर. एकदा तर शेजारच्या अक्कांनी कन्नडातला पाठवला. ‘बाळाची बाबागाडी म्हणजे जंतूंचं घर’ अशी त्याची सुरुवात आणि खाली सात उपाय. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र करून गाडी पुसा. पट्टे उकळत्या पाण्यात टाका. महिन्यातून एकदा वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने धुऊन आणा. चाकांना खोबरेल तेल सोडा. दिवसभर कडक उन्हात ठेवा. पावसाळ्यात टपाच्या खिशात डांबरगोळ्या नाहीतर कापूर ठेवा. आठवड्यातून एकदा बाळाबरोबर गाडीलाही धुरी द्या. शेवटी ‘डॉक्टरही हेच सांगतात’. कुठले डॉक्टर, त्याचा पत्ता नाही.

मी उत्तर लिहायला बसले ते बेळगावजवळच्या खानापूरच्या माझ्या जावेमुळे. पावसाळ्यात तिच्या गाडीच्या टपावर काळे ठिपके पडले. तिने मेसेज वाचला, न्हाणीघराचं दार लावून घेतलं आणि बादलीत दोन्ही बाटल्या ओतल्या. मिनिटभरात डोळ्यांची आग आणि खोकल्याची ढास सुरू झाली, तोंडातून शब्द फुटेना. बाहेरून सासूबाई दार बडवत होत्या, ‘अग, हे काय करालीस आत?’ दार उघडलं म्हणून निभावलं. बाळ त्या वेळी माझ्या कडेवर होतं. ते तिच्या कडेवर असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून पहिला मुद्दा सर्वांत आधी. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. आम्ल म्हणजे व्हिनेगर, लिंबू, संडास साफ करायचं ॲसिड, काहीही. अमोनिया असलेलं काचा पुसायचं पाणी मिसळलं तर क्लोरामीन नावाचे दुसरे विषारी वायू तयार होतात. टाकीत टाकायची ब्लीचिंग पावडरही याच जातीची. ‘दोन्ही औषधं चांगली, मग एकत्र केली की दुप्पट चांगली’ हा हिशेब इथे जिवावर बेततो. चुकून असं झालंच तर बादली हलवत बसू नका, आधी उघड्यावर या.

शिवाय ज्या कामासाठी हा खटाटोप, तेही नीट होत नाही. गाडीवर असतं काय? दुधाची साय, बिस्किटाचा लगदा, लाळ, घाम. अशा मळावर ब्लीच ओतलं तर त्याची बरीचशी ताकद मळातच संपते. साबणाचं पाणी मळ सुटा करतं आणि मळाबरोबर जंतूही धुऊन नेतं. घरात जुलाब-उलट्यांचं दुखणं असेल तर आधी साबणाने धुवा, मग बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ केलेलं नुसतं ब्लीच फक्त प्लास्टिकच्या भागांवर फिरवा आणि पुन्हा साध्या पाण्याने पुसून घ्या. कापडाला आणि पट्ट्याला ब्लीच नको. बाळ पट्टा तोंडात धरून चघळतं, हे प्रत्येक आई रोज बघते.

आता एक गोष्ट, जी कुठल्याच ग्रुपवर फिरत नाही. गाडीबरोबर येणारी पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. आपल्या बेळगाव भागात कोणी मराठी शाळेत शिकलेलं, कोणी कन्नड. आजीला दोन्ही बोलता येतात, पण ही पुस्तिका तिच्या कामाची नाही. मग मराठीतला किंवा कन्नडातला मेसेजच खरा वाटतो. पण गादीच्या शिवणीत एक लहान पांढरी पट्टी असते, तिच्यावरच्या खुणांना भाषा लागत नाही. त्रिकोणावर फुली म्हणजे ब्लीच चालणार नाही. पाण्याच्या टबात ३० हा आकडा म्हणजे ३० अंशांपर्यंतचं, कोमट म्हणावं इतपतच पाणी. टबातच हात दाखवला असेल तर हाताने धुवा, टबावर फुली असेल तर बुडवूच नका, ओल्या फडक्याने पुसा. चौकोनात गोल आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायर नको. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी एकदा गादी उलटी करून ती पट्टी बघा. आमच्या गाडीवर त्रिकोण आहे आणि त्यावर ठसठशीत फुली आहे.

पट्टे उकळण्याबद्दल थोडक्यात. ते नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. उकळत्या पाण्यात ते आकसू शकतात, बकलचं प्लास्टिक वाकडं होऊ शकतं. बऱ्याच गाड्यांचे पट्टे सुटे होतच नाहीत, आणि ओढून काढलेच तर परत ओवताना पीळ पडतो. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. धुवायचे म्हणजे कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, जुना टूथब्रश आणि मग साबण निघेपर्यंत साध्या पाण्याचं फडकं. बकल ‘टक’ करून बसत नसेल तर आत बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो. नुसत्या कोमट पाण्यात ते बुडवा, दहा-वीस वेळा दाबून सोडा. तेल अजिबात घालू नका, त्यात चुरा आणखी चिकटतो.

वॉशिंग सेंटरचा प्रेशर मोटारसायकलच्या चिखलासाठी असतो. बाबागाडीच्या चाकातल्या बेअरिंगमध्ये ते पाणी घुसतं, आतलं ग्रीस धुऊन जातं. नळीच्या सांगाड्यात साचलेलं पाणी तर दिसतही नाही, आणि सांगाडा लोखंडी असेल तर गंज आतून लागतो. स्वस्तातल्या गाड्यांत पाठीच्या कापडाखाली पुठ्ठा असतो, तो भिजला की फुगतो आणि पुन्हा सरळ होत नाही. बोटाने दाबून बघा, कळतं.

खोबरेल तेलाचं मात्र सविस्तर सांगते, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. आम्ही बेळगावातल्या वडगावला राहतो. आमच्या गल्लीत दोन घरांत अजून माग चालतात, त्यामुळे रस्त्यावर सुताचे तुकडे पडलेले असतात. ते चाकात जातात आणि आसाभोवती गुंडाळत बसतात. पहिल्या वर्षी चाक कुरकुरायला लागलं, मी चमचाभर खोबरेल सोडलं. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. मग नोव्हेंबर उजाडला. आपल्याकडे थंडीत पहाटेचं तापमान चौदा-पंधरा अंशांवर येतं आणि खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डोक्याच्या तेलाची बाटली उन्हात ठेवायची वेळ येते ती याचमुळे. तेच चाकात झालं. चाक काढून बघितलं तर आसावर करंगळीएवढा जाड काळा थर, त्यात लाल माती, केस, आणि मधूनमधून शहापुरी साडीचा जांभळा धागा. तेलाने माती धरून ठेवली होती आणि मातीने आस घासून काढला होता. ब्लेडने धागे कापत मी अर्धा तास बसले होते.

बऱ्याच गाड्यांचं चाक मधली खिट्टी दाबली की निघतं. आस कोरड्या फडक्याने पुसा, धागे-केस कापून काढा, मग हार्डवेअरच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा सिलिकॉन स्प्रे एक फवारा मारा आणि वरचा ओघळ पुसून टाका. सिलिकॉन गोठत नाही आणि धूळही फारशी धरत नाही. गंज सोडवायचे जे स्प्रे मिळतात ते वंगण म्हणून वापरू नका. ते आतलं ग्रीस पातळ करून बाहेर काढतात, आठवड्याने चाक आधीपेक्षा जास्त कुरकुरतं. ब्रेकवर कुठलाच फवारा उडू देऊ नका.

घडीच्या सांध्यांना स्प्रे मारताना बाळाला दुसऱ्या खोलीत कुणाजवळ तरी द्या. २००९ साली अमेरिकेत एका कंपनीला सुमारे १० लाख घडीच्या गाड्यांसाठी सांध्यांवर बसवायची झाकणं वाटावी लागली, कारण गाडी उघडताना सांध्यात सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. वंगण घातलेला सांधा अधिक झपकन मिटतो, एवढं लक्षात ठेवा.

उन्हाचा उपाय अर्धा बरोबर आहे. ऊन चांगलंच. गादी उलटी करून दोन-तीन तास सकाळच्या उन्हात घाला, कुबट वास जातो. पण ‘दिवसभर, रोज’ म्हणून गाडी गच्चीवरच ठेवून दिली तर नायलॉनचा पट्टा उन्हाने हळूहळू कमजोर होतो, टपाचा रंग उडतो, प्लास्टिक ठिसूळ होतं. एप्रिल-मेमध्ये उन्हातून आणलेल्या गाडीत बाळाला लगेच बसवू नका, आधी बकलचा धातू हाताच्या पाठीने चाचपा.

आणि खरा प्रश्न ऊन नसतानाचा आहे. जुलैत बेळगावात चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, खानापूर-कणकुंबीकडे तर त्याहून वाईट. टपावर बुरशी येते ती पावसामुळे नाही, भिजलेली गाडी तशीच मिटून दारामागे ठेवल्यामुळे येते. टपाच्या घडीत ओल अडकते आणि आठवडाभरात काळे ठिपके उठतात. बाहेरून आलं की गाडी उघडीच ठेवा, टप पूर्ण ताणा, गादी काढून खुर्चीच्या पाठीवर टाका आणि रात्रभर पंखा सोडा. शिवणीच्या आत बोट घालून बघा. तिथे गार लागलं तर अजून वाळलेली नाही. ठिपके आलेच तर गाडी अंगणात नेऊन, बाळाला लांब ठेवून, तोंडाला रुमाल बांधून ब्रशने कोरडेच झाडा, मग साबणाच्या पाण्याने धुवा. व्हिनेगर वापरायचंच असेल तर त्या दिवशी एकटं व्हिनेगर, पाणी घालून. गादीच्या फोममध्ये आतपर्यंत बुरशी गेली असेल तर फोम फेकून द्या. नवा फोम कापून मिळतो.

डांबरगोळ्यांबद्दल मला हात जोडून सांगायचं आहे. त्या बहुधा नॅप्थलीनच्या असतात आणि त्यांचा वास म्हणजेच नॅप्थलीन, बाळाच्या श्वासात जाणारं. काही मुलांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, मुलींपेक्षा मुलांत हे जास्त आढळतं, आणि भारतात हा दोष दुर्मीळ नाही. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनने फुटू लागतात; अंग फिकट पडतं, कावीळ चढते, लघवी गडद होते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे, दुपटी न धुता वापरल्यामुळे तान्ह्या मुलांना असं झाल्याची नोंद वैद्यकात आहे. बाळाला हा दोष आहे की नाही, हे आपल्याला तपासल्याशिवाय कळत नाही. त्यातून ती गोळी दिसते पेपरमिंटसारखी, आणि टपाचा खिसा थोरल्या भावंडाच्या बरोबर हाताशी असतो.

कापूर देवघरातला म्हणून निरुपद्रवी वाटतो. पण थोडासा कापूर पोटात गेला तरी लहान मुलाला झटके येऊ शकतात. तो गाडीत नको, उशीखाली नको, कपड्यांच्या पुरचुंडीत बांधून गळ्यात तर नकोच. गाडी ठेवणीत टाकायची असेल तर ती पूर्ण वाळवा, जुन्या सुती चादरीने झाका आणि माळ्यावर ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधली तर आतली ओल आतच राहते. माझ्या आईने माझ्या भावाची गाडी अशीच लुगड्यात गुंडाळून ठेवली होती. तिच्यात माझा मुलगा बसला.

धुरीचा विषय नाजूक आहे, कारण तो आज्जीच्या हातचा आहे. ओवा, लसणाची सालं, ऊद यांच्या वासाबरोबर माझंही लहानपण आहे आणि ती माया मी नाकारत नाही. पण धुराने गाडीवरचे जंतू जात नाहीत. निखाऱ्याची एक ठिणगी पॉलिएस्टरच्या कापडावर पडली तर ते वितळून भोक पडतं. धुराचा चिकट थर कापडावर बसतो आणि बाळाच्या कोवळ्या छातीला धूर सोसत नाही. आमच्या सासूबाईंना मी एवढंच म्हटलं, ‘आई, गाडी मी धुते, तुम्ही बाळाला तेल लावा.’ त्यांना ते पटलं.

सात उपायांत गोव्याचं नाव नाही, पण आपल्याकडची निम्मी घरं सुट्टीत चोर्ला घाटाने तिकडे उतरतात. समुद्रावरून आल्यावर चाकं आणि सांधे त्याच दिवशी साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा, खारं पाणी लोखंडाला लवकर खातं. वाळू आधी कोरडीच झटका, ओली वाळू सांध्यात रुतते.

आणि त्या मेसेजमध्ये ब्रेकबद्दल एक अक्षर नाही, याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. गाडी चकाचक दिसते आणि ब्रेकच्या खाचेत घट्ट माती भरलेली असते. महिन्यातून एकदा खाचा टूथब्रशने मोकळ्या करा, ढिले झालेले नटबोल्ट आवळा, पट्ट्याच्या कडेला सूत उसवलंय का बघा. मग रिकाम्या गाडीत तांदळाची दहा किलोची पिशवी ठेवून बकल लावा, गल्लीच्या उतारावर नेऊन ब्रेक दाबा आणि हँडलजवळ हात ठेवून मिनिटभर थांबा. पिशवीसकट गाडी बोटभर जरी सरकली, तरी ब्रेक दुरुस्त होईपर्यंत बाळाला कडेवर घेऊनच बाहेर पडा.