गोव्याचा गाळ नॉर्वेत कसा शोधावा

समुद्रतळाचा गाळ हवाय? जहाजावर जाऊन उलट्या करायची काय गरज, सगळे कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेले गाळाचे लांब दंडगोल, आता ऑनलाइन यादीत आहेत. घरी बसा, चहा घ्या आणि शोधा. चहा मोठ्या कपात घ्या.

आधी कोअरचं नाव नीट टाका. 'एसके' म्हणजे सागर कन्या जहाज, 'एएएस' म्हणजे ते रशियन जहाज सिदोरेंको, 'जीसी' म्हणजे ग्रॅव्हिटी कोअर, वजनाच्या जोरावर नळी गाळात घुसवून काढलेला, एवढं तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मग नोंद करणाऱ्यानं मध्ये रेघ मारली, जागा सोडली की आकडे चिकटवले, तेवढं अंतर्ज्ञानानं ओळखायचं.

अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात 2015 साली जॉइडिस रेझोल्यूशन या जहाजानं समुद्रतळाखाली 1100 मीटरपर्यंत भोक पाडलं. ते कोअर कोचीला ठेवलेत असं वाचून रेल्वेचं तिकीट काढू नका. ती कोची जपानात आहे.

1977 पासून जगभरच्या संस्थांचे नमुने एकत्र दाखवणारी अमेरिकन सूची 2025 मध्ये बंद झाली, तेव्हा लिंक उघडेना म्हणून वायफायवाल्यावर ओरडू नका.

नकाशावर चौकट काढून शोधणं सर्वांत सोपं. मीही गेल्या आठवड्यात तेच केलं. गोव्यासमोर, 15 उत्तर, 72 पूर्व. निकाल शून्य. कोअर आहे हे पक्कं माहीत, त्यावरचे पेपर वाचलेले. शेवटी सगळी यादीच उतरवून घेतली आणि एकेक ओळ वाचत बसलो. सापडला! अक्षांशाच्या रकान्यात 72, रेखांशाच्या रकान्यात 15. म्हणजे आमचा गाळ नॉर्वेच्या उत्तरेला. तिथंही समुद्रच, त्यामुळे संगणकाला काही खटकलं नाही. सहारात पडला असता तर निदान कुणी हटकलं तरी असतं. त्याच्या खालच्या ओळीत 72 अंश 30 मिनिटं ही जागा 72.30 अशी ठोकलेली. 30 मिनिटं म्हणजे अर्धा अंश, ती 72.50 हवी! एकवीस-बावीस किलोमीटरचा फरक. खंडान्त उतारावर, म्हणजे किनाऱ्याजवळचा उथळ तळ संपून समुद्र खोल होत जातो तिथं, तेवढ्यात पाण्याची खोली शेकडो मीटरनं बदलते. अरबी समुद्रात साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात ऑक्सिजन जवळपास नसतो. कोअर त्या पट्ट्यातला की त्याखालचा, यावर अख्खा निष्कर्ष फिरतो. म्हणून पाण्याची खोली पाहावी, तर तो रकाना कोरा. कोरा!

सापडला तरी हुरळू नका. कोअर उभा चिरून एक अर्धा जपतात, दुसरा वापरतात. वापरायच्या अर्ध्यातलं किती उरलंय हे कुठंच लिहिलेलं नसतं. विचारायला मेल करा. पत्ता निवृत्त झालेल्या सरांचा असतो.

आणि सर, तुम्हीच सांगा, हे चालतं कसं? लोकांच्या पैशानं जहाज न्यायचं, रात्रपाळी करून विंचवर गाळ ओढून आणायचा, त्यावर पीएचडी करायची, पेपर छापायचा, आणि मग तो शीतगृहात बेवारस सोडून द्यायचा? त्याच जागी पुन्हा जहाज न्यायला पुन्हा पैसे मागणार तुम्हीच. अक्षांश, रेखांश, पाण्याची खोली, कोअरची लांबी, कुठं ठेवलाय, किती उरलाय. एवढं भरायला तुमच्यापैकी कुणालाच वेळ नाही? थोडी लाज बाळगा. मी चूक कळवली तर उत्तर आलं, 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' माझी नोंद कसली घेता, आधी ते दोन आकडे अदलाबदल करा.