अमेरिकन सिनेमात मी घरं बघतो

'होम अलोन' पहिल्यांदा केबलवर बघितला तेव्हा आम्ही पाच जण डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये राहत होतो. चोरांची फजिती राहिली बाजूला, मी आणि ताई खोल्या मोजत बसलो होतो. जिना, पोटमाळा, तळघर! आणि घरी एकट्याच राहिलेल्या त्या पोराचा बाप नक्की काय नोकरी करतो, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. १९९० साली शिकागोजवळच्या उपनगरातल्या त्या घराचा खुलासा करावा असं कुणाला वाटलंच नसावं.

खोड लागली ती लागलीच. 'सिनेमातून अमेरिकन संस्कृती दिसते' म्हटलं की आपल्याकडे गाडी थेट बंदुका, घटस्फोट आणि चुंबनांवर जाते. मी घर बघतो. ते कुणाचं आहे, हप्ते कोण भरतंय, आणि गेलंच तर दोष कुणाच्या माथी मारला जातोय.

१९४६ चा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' घ्या. जेम्स स्टुअर्टचा जॉर्ज बेली गावातल्या कामगारांना घरासाठी कर्ज देणारी छोटी संस्था चालवतो, साधारण आपल्या पतपेढीसारखी. घाबरलेले लोक ठेवी काढायला दारात गर्दी करतात, तेव्हा तो त्यांना समजावतो की तुमचे पैसे इथे तिजोरीत नाहीत, ते या शेजाऱ्याच्या घरात आहेत, त्या दुसऱ्याच्या घरात आहेत. ज्यांनी आपल्याकडे पतसंस्था बुडताना पाहिली आहे, त्यांना हा प्रसंग निवांत बसून बघवणार नाही. पुढे संस्थेचे ८,००० डॉलर गहाळ होतात, गावातला धनदांडगा पॉटर ते गुपचूप दाबून ठेवतो, आणि शेवटी सगळं गाव खिसे रिकामे करून जॉर्जला वाचवतं.

पॉटरला मात्र काहीच होत नाही. पडद्यावर गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असा त्या काळी हॉलिवूडचा दंडक होता, तरी हा सुटतो. आणि एफबीआयला खटकलं ते भलतंच! १९४७ च्या त्यांच्या एका टिपणात, सावकाराला खलनायक दाखवणं ही कम्युनिस्टांची नेहमीची चाल, अशी शंका घेतलेली आहे. तोच सिनेमा पुढे अमेरिकेत नाताळचा नेम होऊन बसला, कारण १९७४ साली कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं आणि टीव्हीवाल्यांना तो फुकटात सापडला.

मग २००८ आलं. ज्यांना फेडणं झेपणार नव्हतं त्यांनाही बँकांनी कर्जं दिलेली, त्या कर्जांचे गठ्ठे बांधून पुढे विकलेले. घरांच्या किमती कोसळल्या आणि जप्त्या सुरू झाल्या. रमीन बहरानीचा '९९ होम्स' (२०१४) इथला. फ्लोरिडात एका बांधकाम मजुराच्या दारात पोलीस आणि दलाल येतात. सामान गोळा करायला काही मिनिटं, मग आई, मुलगा आणि गाद्या-भांडी सगळं रस्त्याच्या कडेला. पुढे हाच मजूर त्याच दलालाकडे नोकरीला लागून दुसऱ्यांची घरं रिकामी करायला जातो. मला तो सिनेमा जरा आरडाओरडा करणारा वाटतो, पण निदान राग तरी कुणावर करायचा हे त्याला ठाऊक आहे.

शॉन बेकरचा 'द फ्लोरिडा प्रोजेक्ट' (२०१७) आवाज चढवत नाही. डिस्ने वर्ल्डपासून हाकेच्या अंतरावर जांभळ्या रंगाचं एक मोटेल, तिथे आठवड्याच्या भाड्यावर राहणारी तरुण आई आणि सहा वर्षांची मूनी. मोटेलला घर म्हणता येऊ नये, राहणाऱ्याचा हक्क लागू नये, म्हणून महिन्यातून एकदा एक रात्र खोली सोडून जायचं. डिस्ने वर्ल्ड उभं राहण्याआधी त्या योजनेला 'फ्लोरिडा प्रोजेक्ट' म्हणत. नाव तिथून उचललंय, आणि ते किती बोचरं आहे हे दिग्दर्शक एकदाही बोलून दाखवत नाही.

(गंमत बघा. बहरानीचे आईवडील इराणमधून आलेले, 'नोमॅडलँड'ची दिग्दर्शिका क्लोई झाओ बीजिंगची, आणि जॉर्ज बेलीचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा लहानपणी सिसिलीहून बोटीने आलेला. अमेरिकेतलं घर बाहेरून आलेल्यांनाच नीट दिसतं की काय?)

झाओच्या 'नोमॅडलँड'वर मात्र माझा जीव आहे आणि रागही. नेवाडातल्या एम्पायर गावचा जिप्समचा कारखाना २०११ मध्ये बंद झाला, गाव ओस पडलं, पिनकोडसुद्धा रद्द झाला. तिथली विधवा फर्न व्हॅनमध्ये राहू लागते आणि मिळेल ते हंगामी काम करत हिंडते. फर्न झालेली फ्रान्सिस मॅकडॉरमंड सोडली तर बरेचसे भटके खरेच तसे जगणारे, स्वतःच्याच नावाने वावरणारे. हे सगळं अस्सल. पण ॲमेझॉनचं गोदाम इतकं गोडीगुलाबीचं दिसतं की म्हातारपणी पेट्या उचलणं म्हणजे सहल वाटावी. त्यात फर्नची बहीण म्हणते, हे भटके म्हणजे नवी वस्ती करायला पश्चिमेकडे निघालेले आपले जुने पायोनियरच, ही तर अमेरिकन परंपरा! घर गेलेल्या बाईला परंपरेचं प्रमाणपत्र. जॉर्ज बेलीच्या वेळी निदान गाव धावून आलं होतं. इथे गावच उरलं नाही, आणि त्याचा जाब विचारायच्या ऐवजी समोर सूर्यास्त येतो.

हा सिनेमा मी आईबरोबर बघितला. भाषा तिला अर्धीमुर्धीच कळते, मी मधे मधे सांगत होतो. व्हॅन बिघडते, फर्न दुरुस्तीसाठी बहिणीकडे पैसे मागते, बहीण म्हणते इथेच राहा. फर्न नाही म्हणते. आईने तिथे सिनेमा थांबवायला लावला.

"पैसे घेतले ना बहिणीकडून? मग राहायला काय झालं?"

मी म्हटलं, तिला मोकळं राहायचंय.

"मोकळं काय त्यात? रात्री झोपायला दाराला कडी नको?"

मी स्वाभिमान, नवऱ्याच्या आठवणी, अमेरिकेतलं एकटं जगणं, असं काहीबाही सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पटलेलं दिसलं नाही. शेवटी फर्न एम्पायरमधल्या आपल्या रिकाम्या घरात येते, खोल्यांतून फिरते आणि मागच्या दारातून बाहेर बघते. समोर नुसतं माळरान, लांब डोंगर.

आई म्हणाली, "केवढं घर होतं गं बाई तुझं."