काकाडूत जंगल 'जाळतात' म्हणजे नेमकं काय?

'ऑस्ट्रेलियाच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात आदिवासी जंगल पेटवतात आणि सरकार बघत बसतं' असा मजकूर धुराच्या फोटोंसह व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. आग लावतात हे खरं. पण 'बघत बसतं' हे साफ चुकीचं, कारण काकाडूचा कारभार मूळ मालक, म्हणजे तिथले आदिवासीच, आणि उद्यानाचं सरकारी खातं मिळूनच पाहतात.

तिथले बिनिंज लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. एप्रिलच्या वादळांत माणसाहून उंच गवत आडवं होतं. मग येतो 'येग्गे', साधारण मे ते जूनच्या मध्यापर्यंत. डार्विन वुलीबट या निलगिरीच्या जातीच्या झाडाला नारिंगी फुलं आली की जाळायला सुरुवात करायची, हीच त्यांची खूण! गवत अजून अर्धओलं, रात्री दव पडतं. त्यामुळे आग गुडघाभर उंचीची, तुकड्यातुकड्यानं सरकणारी आणि बहुतेकदा रात्री आपोआप विझणारी. वर घारी घिरट्या घालतात, पळणारे टोळ टिपायला.

हे केलं नाही तर तेच गवत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कडकडीत वाळतं आणि तेव्हाची आग झाडांच्या शेंड्यांपर्यंत जाते. शेजारच्या पश्चिम आर्नहेम लँडमध्ये 2006 पासून याच लवकरच्या जाळण्यातून हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी केलं जातंय.

आणि हो, हा मजकूर दाखवून सह्याद्रीतल्या वणव्यांचं समर्थन कुणी करू नका. फेब्रुवारी-मार्चात आपल्या डोंगरावरचं गवत पार वाळलेलं असतं.