पन्हळ कोण साफ करणार?

दर रविवारी मामेभावाचा फोन येतो आणि सध्या विषय एकच असतो, कोल्हापुरातला रंकाळ्याकाठचा शालिनी पॅलेस. राजवाडा होता, त्याचं हॉटेल झालं, पुढं तेही बंद पडलं. तेव्हापासून गावात ज्याच्या त्याच्याकडं एकेक योजना तयार आहे. भावाची अशी : "सरकारनं घ्यावा, तिकीट लावून लोकांना दाखवावा. तुमच्यात करत्यात न्हवं तसं?" तुमच्यात म्हणजे अमेरिकेत. मी पिट्सबर्गला राहतो, म्हणून जाणकार!

इथून दीडेक तासावर फॉलिंगवॉटर आहे. फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदानं १९३०च्या दशकात कॉफमन कुटुंबासाठी थेट धबधब्यावर बांधलेलं घर. आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना दाखवायला नेलं. दिवाणखान्यात शेकोटीपुढं मूळचा खडक तसाच ठेवलाय, फरशी त्याच्या कडेनं बसवलीय. सगळे मान वाकडी करून बघत होते. आई हळूच म्हणाली, "ह्यो पुसतं कोण रं रोज?"

मला तोच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हे घर पहिल्यापासून गळकं. झऱ्यावर अधांतरी काढलेल्या गच्च्या वाकत गेल्या, सात इंचांच्या आसपास. शेवटी २००२मध्ये आतून पोलादी केबल ताणून त्या सावरल्या. बाबांची नोकरी बांधकाम खात्यातली. त्यांना धबधब्यापेक्षा या केबलचंच कौतुक जास्त. हे सगळं निभावलं, कारण कॉफमनांच्या मुलानं १९६३ मध्ये नुसतं घर दिलं नाही. भोवतीची शेकडो एकर जमीन आणि देखभालीला पैसाही दिला. तोही सरकारला नव्हे, निसर्ग जपणाऱ्या एका संस्थेला. पुढच्या वर्षी घर लोकांना खुलं झालं.

आमच्या शुक्रवार पेठेतल्या वाड्याच्या मिळकत पत्रिकेवर सोळा नावं आहेत. दोघं वारलेत, एक मी. दान करायचं म्हटलं तर सह्या गोळा करण्यातच पिढी जाईल. त्यामुळं तिकडचं जसंच्या तसं इकडं उचला, असं मी म्हणणार नाही.

त्यापेक्षा नवा राजवाडा बघावा. मेजर मँटच्या आराखड्यावरची ती काळ्या दगडाची इमारत १८८४ मध्ये पुरी झाली. खाली संग्रहालय, वर छत्रपतींचं घराणं राहतं. राहत्या घरात कौल सरकलं तर पहिल्या पावसातच कळतं. बंद घरातली गळती तुळई कुजल्यावर समजते.

आपल्याकडं वाद होतो तो वास्तू कुणी घ्यायची याचा. घेतल्यावर दर मे महिन्यात छपरावर कोण चढणार, यावर कुणी बोलत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शाहू महाराजांनी उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, तेव्हा अख्खं गाव रडलं. मीही इथं मोबाईलवर ज्वाळा बघत बसलो होतो. त्याआधी कित्येक वर्षं मी त्या नाट्यगृहाची चौकशीसुद्धा केलेली नव्हती.

गेल्या रविवारी भावाला म्हटलं, "शालिनी पॅलेसचं राहू दे. आपल्या वाड्याची मागची पन्हळ पावसाआधी साफ केली का?"

"तू कवा येणार हाईस ते सांग आधी," म्हणाला. "शिडी धरायला माणूस न्हाई."